स्नेअरचं खालचं हेड, वायर आणि ती दुर्लक्षित पट्टी: काही महिन्यांच्या वापरानंतर

स्नेअर म्हणजे ज्या ड्रमच्या खालच्या हेडला, म्हणजे खालच्या पडद्याला, बारीक तारांची वायर टेकलेली असते तो. माझ्या स्नेअरचं खालचं हेड फाटलं म्हणून हा सगळा उद्योग सुरू झाला. तालीम चालू असताना एका गाण्याच्या मध्यातच स्नेअरचा आवाज बसला. ठोका पडत होता, पण त्यामागची सळसळ गायब. लहान टॉमवर, म्हणजे वायर नसलेल्या साध्या ड्रमवर, मारतेय असं वाटत होतं. थ्रो-ऑफ, म्हणजे वायर हेडला लावायचा-सोडवायचा खटका, खाली-वर करून झाला, नॉब फिरवून वायर ताणून झाली, फरक शून्य. शेवटी ड्रम स्टँडवरून काढून उलटा केला तेव्हा दिसलं. बट प्लेटच्या, म्हणजे थ्रो-ऑफसमोरच्या पक्क्या टोकाच्या, बाजूला वायरची एंड प्लेट (तारा जोडलेला टोकाचा पत्रा) जिथे हेडवर टेकते, बरोबर तिथून बोटभर चीर गेली होती.

ड्रम नेहमीचाच आहे. 14 इंची, साडेसहा इंच खोल, स्टीलचं शेल (कवच), 10 लग (हेड ताणायचे रॉड ज्यांत बसतात ते). त्याच्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते हेड आणि वायरबद्दल. आणि सर्वात जास्त त्या पट्टीबद्दल, जी वायरला स्ट्रेनरशी, म्हणजे थ्रो-ऑफ आणि बट प्लेटच्या जोडीशी, बांधून ठेवते आणि जिच्यावर कोणी एक शब्द खर्च करत नाही.

तोवर माझे सगळे पैसे वरच्या हेडवर जात होते. आवाज पातळ वाटला की नवं बॅटर हेड, फार घुमतोय वाटलं की दुसऱ्या प्रकारचं बॅटर हेड. बहुतेक ड्रमर असंच करतात, कारण काठी तिथे पडते, डोळ्यांसमोर तेच असतं आणि कोटिंग झिजलेलं लगेच दिसतं. रेमोचं कोटेड अँबॅसडर किंवा इव्हान्सचं जी1 ही 10 मिलची (1 मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एकपदरी हेड. मोकळी, सगळे ओव्हरटोन (मुख्य सुरावरचे उपसूर) ऐकवणारी, हलक्या हातालाही उत्तर देणारी. एंपरर किंवा जी2 घेतलं तर 7 मिलचे दोन पदर येतात. आवाज जाड होतो, जोरात वाजवणाऱ्याला हेड जास्त टिकतं, पण घोस्ट नोटमधला, म्हणजे अगदी हलक्या ठोक्यांमधला, बारकावा थोडा जातो. मधोमध ठिपका असलेलं कंट्रोल्ड साउंड या दोन्हींच्या मधलं. काठाला आतून पातळ कडं असलेलं पॉवरस्ट्रोक 3 घुमारा आटोक्यात ठेवतं, आणि काठाजवळ बारीक भोकं असलेलं इव्हान्सचं एचडी ड्राय आवाज आणखी कोरडा, आखूड करतं. हे सगळं खरं आहे आणि यातून आवाज बदलतोही. पण माझी मूळ तक्रार, म्हणजे हळू वाजवताना स्नेअर गप्प बसणं आणि जोरात वाजवताना खरखरणं, यातल्या कुठल्याच हेडने गेली नव्हती. ती खालून येत होती.

वरच्या हेडवर काठी पडली की शेलमधली हवा दाबली जाते आणि खालच्या हेडला धक्का बसतो. ते हेड खाली जाताना वायरला ढकलतं, वायर हेडपासून सुटते आणि परत येऊन हेडवर आपटते. स्नेअरचा स्नेअरपणा या आपटण्यात आहे. आता वायर फार ताणलेली असेल तर हलक्या ठोक्याने खालचं हेड जेवढं हलतं तेवढ्याने ती सुटतच नाही, हेडला चिकटून बसते. घोस्ट नोट वाजतात पण ऐकू येत नाहीत ते यामुळे. उलट वायर सैल असेल तर एका ठोक्यावर ती पुन्हापुन्हा आपटत राहते आणि शेपूट लांबतं. म्हणजे खालचं हेड किती पातळ, ते किती समान ताणलेलं आणि वायर किती सपाट टेकलेली, या तीन गोष्टींवर निम्म्याहून जास्त आवाज ठरतो. वरचं हेड कोणतं हा प्रश्न त्यानंतरचा.

खालचं हेड किती पातळ असतं ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. वरचं साधं एकपदरी हेड 10 मिल, म्हणजे पाव मिलिमीटर. खालचं साधारण 3 मिल, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. रेमोचं अँबॅसडर हेझी किंवा इव्हान्सचं हेझी 300 घ्या, जाडी तीच. याहून पातळ 2 मिलचं मिळतं, डिप्लोमॅट किंवा हेझी 200. याहून जाड हवं तर इव्हान्सचं 500, 5 मिलचं. घरात पडलेलं जुनं बॅटर हेड खाली लावून वेळ मारून नेता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही येणार. 10 मिलचं हेड हलक्या ठोक्याला वायर हलवू शकत नाही आणि ड्रम मुका होतो.

माझं फाटलेलं हेड ड्रमसोबत आलेलंच होतं, कधी बदललं नव्हतं. वरून ते धडधाकट दिसायचं. काढून उजेडात धरलं तेव्हा एंड प्लेटच्या जागी दोन्हीकडे खोलगट वळ दिसले आणि मधल्या भागात तारांच्या रेघा उमटलेल्या. त्या खोलगट जागी हेड आधीच ताणून गेलेलं होतं, म्हणजे तिथे वायर अधांतरी होती. ज्यांच्या स्नेअरला दोन-तीन वर्षं झाली असतील त्यांनी वायर सोडवून खालच्या हेडवर टॉर्च तिरका मारून बघावा. वळ दिसले तर फाटायची वाट बघू नका.

पहिल्यांदा मी 2 मिलचं लावलं आणि खूश झाले. बोटाने टिचकी मारली तरी वायर बोलायची. ब्रशने वाजवताना प्रत्येक फटकारा वेगळा ऐकू येत होता. जे वाचक मुख्यतः हळू वाजवतात, ब्रश जास्त वापरतात, त्यांनी हेच घ्यावं असं मी तेव्हा ठामपणे सांगितलं असतं. पुढे जोरदार बॅकबीटची (दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअरचा ठोका) गाणी आली तेव्हा त्याची दुसरी बाजू दिसली. रिमशॉट, म्हणजे हेड आणि काठाच्या कड्यावर एकदम ठोका, मारला की आवाज कागदी व्हायचा, चुरचुरीत पण बिनबुडाचा, आणि एंड प्लेटचे वळ फार लवकर दिसू लागले. आता 3 मिलचं आहे आणि तेच राहणार. हळू वाजवताना फरक अगदी कान देऊन ऐकला तर कळतो, जोरात वाजवताना मात्र ठोक्याला अंग येतं. 5 मिलचं मी वापरलेलं नाही, मला इतका जोर लावायचा नसतो.

बसवताना मात्र घाई नको. खालच्या बाजूला शेलच्या काठात दोन ठिकाणी उथळ खाच असते, तिला स्नेअर बेड म्हणतात. वायर तिथून बाहेर पडते. हेड या खाचेत झुकतं म्हणून तिथे सुरकुती पडायची शक्यता सगळ्यात जास्त. मी सगळे रॉड आधी बोटांनी जेमतेम टेकतील एवढे फिरवते, मग ड्रम कीने समोरासमोरच्या जोड्या अर्धा-अर्धा फेरा. हूपवरच्या (हेड दाबून धरणाऱ्या कड्यावरच्या) खिडक्या, जिथून पट्टी बाहेर येते, त्या बेडच्या अगदी समोर आल्यात ना हे हेड ताणायच्या आधी बघायचं. नंतर लक्षात आलं तर सगळं परत सोडावं लागतं. मग प्रत्येक लगपासून इंचभर आत काठीच्या टोकाने हलकं टकटक करून सूर मिळवायचा. वायर तेव्हा थ्रो-ऑफने खाली, नाहीतर काही ऐकू येत नाही. बेडशेजारचे चार लग नेहमी बाकीच्यांपेक्षा खाली बोलतात, त्यांना थोडं जास्त द्यावं लागतं. खालचं हेड वरच्यापेक्षा चांगलंच चढं ठेवायचं. मधोमध अंगठ्याने दाबलं तर थोडंसं दबावं, बस.

एक गैरसमज इथेच निस्तरते. सूर उतरला की हवामानाला दोष द्यायची सवय अजून आहे. ती चामड्याच्या काळातली. तेव्हा वासराच्या कातड्याची हेड असत, ती दमट हवेत सैल पडत आणि कोरड्या हवेत आवळत. 1956 आणि 1957 च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली या दोघांनी मायलर नावाच्या पॉलिएस्टर फिल्मची हेड बाजारात आणली आणि तो त्रास जवळजवळ संपला. आजच्या हेडचा सूर उतरतो तो बहुतेक वेळा रॉड फिरल्यामुळे. माझ्याकडे ज्या बाजूला रिमशॉट पडतो तिथलेच दोन रॉड दर वेळी सैल झालेले सापडतात. बाकीचे आठ जागच्या जागी. हवामान दोनच रॉड निवडून सैल करत नाही.

आता वायर. जुन्या वायरच्या 20 तारांपैकी दोन ताणून लांबलेल्या होत्या. ड्रम डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहिलं की कळतं. बाकी सगळ्या हेडला टेकलेल्या आणि त्या दोघी मध्येच कमान करून उभ्या. अशी एक तार सुद्धा प्रत्येक ठोक्यानंतर बारीक चरचरत राहते आणि ऐकणाऱ्याला वाटतं हेड खराब आहे. नवी वायर घेण्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून बघा. त्या ताराच बारीक कटरने दोन्ही टोकांना एंड प्लेटच्या अगदी जवळ कापून टाका. मी कापल्या. 18 तारांवर ड्रम उत्तम चालला, चरचर गेली, आवाजात कमी काही झालं नाही. नवी वायर मी घेतली ती या दोन तारांसाठी नाही, पुढे पट्टीबद्दल सांगते त्या कारणासाठी.

नवी घ्यायचीच म्हटल्यावर 30 तारांची घेतली. जास्त तारा म्हणजे जास्त सळसळ, हा सरळ हिशेब. सुरुवातीला तो बरोबर वाटला. आवाज भरलेला, रुंद, मंद गाण्यांत तर फार सुंदर. तेव्हाचं माझं मत नोंदवून ठेवलंय: «पुन्हा 20 वर जायचं कारण नाही.» पण जसजशा वेगवेगळ्या जागी तालमी झाल्या तसतसं ते बदललं. तारा वाढल्या की ड्रमचा स्वतःचा सूर त्यांच्याखाली झाकला जातो. स्टीलच्या शेलचा जो टणत्कार मला आवडतो तोच मागे गेला. वेगवान रोलमध्ये ठोके एकमेकांत मिसळू लागले. आणि शेजारचा टॉम नुसता वाजवला तरी स्नेअर खरखरायची, आधीपेक्षा कितीतरी जास्त. 42 तारांच्याही मिळतात, त्या ज्यांना स्फोटासारखा बॅकबीट हवाय त्यांच्यासाठी. माझ्यासाठी 20 पुरेशा आहेत. सध्या प्युअरसाउंडची 20 तारांची स्टीलची वायर आहे. 12 किंवा 16 तारांची वायर लावली तर ड्रम जास्त आणि वायर कमी ऐकू येते. लाकडी शेल, छोटी जागा, ब्रश, अशा ठिकाणी तीही चांगली. पितळ किंवा ब्राँझच्या तारांचा आवाज स्टीलपेक्षा मवाळ मानला जातो. माझं शेलच एवढं चकचकीत वाजतं की तिथे तो फरक मला महत्त्वाचा वाटला नाही.

आणि आता पट्टी.

जुनी वायर दोऱ्यांनी बांधलेली होती, दोन्ही टोकांना दोन-दोन पदर. दोरी वापराने लांबते, आणि चारही पदर सारखे लांबत नाहीत. एका बाजूचा पदर केसभर जास्त लांबला की एंड प्लेट तिरकी होते. प्लेट तिरकी झाली की एका काठाच्या तारा घट्ट, दुसऱ्या काठाच्या सैल. सैल तारा खरखरतात म्हणून आपण नॉब आवळतो. नॉब आवळला की आधीच घट्ट असलेल्या तारा हेडमध्ये रुततात आणि घोस्ट नोट मरतात. खरखर तरीही पूर्ण जात नाही. प्लेटचा जो कोपरा खाली दाबला जातो तो हेडमध्ये वळ पाडत जातो, आणि एके दिवशी तिथूनच चीर. माझ्या फाटलेल्या हेडची चीर बरोबर त्या कोपऱ्याखाली होती. हळू वाजवताना गप्प आणि जोरात वाजवताना खरखर, ही माझी जुनी तक्रारही त्या तिरक्या प्लेटचीच होती. इतके महिने हेडांवर खर्च होत होता आणि मूळ दोष बोटभर दोरीत होता, याचा मला खरंच राग येतो. ड्रम विकताना, हेड विकताना, वायर विकताना, कुठल्याही कागदावर याबद्दल एक ओळ नसते.

30 तारांची जी वायर आली तिच्यासोबत प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. पट्टी दोरीपेक्षा बरी, कारण रुंद असल्यामुळे प्लेटला दोन्ही बाजूंनी सारखं ओढते. पण त्या पट्ट्या इतक्या जाड आणि ताठ होत्या की बेडवरून वळतच नव्हत्या. काठावर उभ्या राहायच्या आणि एंड प्लेटला हेडपासून वर उचलायच्या. टोकाकडच्या तारा हवेत, मधल्या टेकलेल्या. दुकानात विचारलं की पातळ पट्ट्या सुट्या द्या. उत्तर मिळालं, सुट्या मिळत नाहीत, वायरचा पूर्ण सेट घ्या. दोन इवल्या पट्ट्यांसाठी 30 चांगल्या तारा फेकून द्यायच्या का? मी हुज्जत घातली, कंपनीला लिहिलं, तिथूनही तेच उत्तर आलं.

मग मी फाटलेल्या हेडाकडे बघितलं. 3 मिलची फिल्म पट्टीला फार पातळ, पण कोटिंग गेलेलं जुनं 10 मिलचं बॅटर हेड कपाटात होतंच. ही फिल्म ताणाने सहजासहजी लांबत नाही, म्हणून तर ती हेडसाठी वापरतात. स्ट्रेनरच्या फटीची रुंदी मोजून, स्टीलची पट्टी ठेवून, धारदार कटरने दोन सरळ तुकडे कापले. कडा जराही तिरकी कापली गेली तर ओढ तिरकी लागते, म्हणून मापात चालढकल नको. कोटिंगची बाजू बाहेर ठेवली, गुळगुळीत बाजू हेडकडे. ही पट्टी बेडवरून अलगद वळते आणि प्लेट हेडच्या पातळीत राहते. ज्यांच्याकडे जुनं हेड नाही त्यांना विणलेली ग्रोग्रेन रिबन चालते. ती थोडी ताणली जाते, पण बेडवर छान बसते.

लावायची रीतही सांगते, कारण पट्टी चांगली असून वायर वाकडी लागली तर उपयोग नाही. नॉब मध्यावर आणायचा, म्हणजे पुढे दोन्हीकडे फिरवायला जागा राहते. वायर हेडवर अशी ठेवायची की तारा हेडला लागतील आणि प्लेटचा पत्रा वर राहील. बट प्लेटची बाजू आधी पक्की करायची. मग वायर मध्यभागी आहे का ते बघायचं: दोन्हीकडे एंड प्लेटपासून काठापर्यंतचं अंतर सारखं हवं आणि प्लेट स्वतः बेडच्या काठावर चढलेली नको. थ्रो-ऑफ वर करून दुसरी पट्टी हाताने ताणून धरायची आणि स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने आवळायचे. एक आधी पूर्ण आवळला की पट्टी त्याच्याकडे सरकते. शेवटी वायर इतकी सैल करायची की सरळ खडखडेल, मग हळू ठोके देत देत नॉब आवळत जायचं आणि आवाज स्वच्छ झाला की तिथेच थांबायचं. माझा नॉब आता पूर्वीपेक्षा कितीतरी सैल असतो, आणि तरीही आवाज जास्त नेटका आहे.

हे वरचं लिहून ठेवल्यानंतर आणखी काही आठवडे गेले. पट्ट्यांमध्ये बदल नाही, नॉबला हात लावावा लागलेला नाही, खालच्या हेडवर वळ नाहीत. 20 तारांची वायर लावली तेव्हाही तिच्यासोबत आलेल्या पट्ट्या न वापरता माझ्याच वापरल्या.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, ती स्पष्ट लिहिते. छोटा टॉम वाजवला की स्नेअर अजून थोडी कुरकुरते, आणि बेस गिटारच्या ठरावीक सुरांवरही. यात वायरचा दोष नाही. तो सूर खालच्या हेडच्या सुराजवळ गेला की हेड आपोआप थरथरतं आणि वायर बोलते. बेडच्या दोन्ही बाजूंचे चार रॉड थोडे सैल करा, असा उपाय नेहमी सुचवला जातो. कुरकुर कमी होते, पण स्नेअरचा कुरकुरीतपणाही थोडा जातो, म्हणून मी परत आवळले. टॉमचा सूर थोडा खाली घेतला तर जास्त फायदा झाला. बेसवाल्याला सूर बदलायला सांगता येत नाही. पूर्ण गाणं चालू असताना ती कुरकुर कोणाला ऐकू येत नाही. शांत सुरुवात असेल तेवढ्यापुरता थ्रो-ऑफ खाली ठेवते.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी एक उपयोगी माहिती. या सगळ्या दुरुस्तीचा खरा फरक खालच्या माइकमध्ये ऐकू येतो. पूर्वी तो माइक लावला की नुसता खरखराट भरायचा, म्हणून वगळावा लागायचा. आता तो मिक्समध्ये ठेवता येतो. फक्त त्याची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करायला विसरू नका. ठोक्याच्या क्षणी वरचं हेड वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालचं हेड खालच्या माइककडे येतं, त्यामुळे दोन्ही सरळ जोडले तर एकमेकांचा तळ खातात आणि स्नेअर पातळ ऐकू येते.

वरचं कोटेड अँबॅसडर आता मधोमध घासून गुळगुळीत झालंय, ब्रश त्यावर आवाजच करत नाही. या वेळी खाली ठिपका असलेलं कोटेड कंट्रोल्ड साउंड मागवलंय. वरून कोटिंग अखंड असल्यामुळे ब्रशला अडचण नाही, आणि रिमशॉटमधला जो एक कर्कश सूर खोलीभर उरतो तो ठिपक्याने किती आटतो ते बघायचंय. खालचं काहीही न हलवता फक्त वरचं बदलणार आहे, म्हणजे जो फरक ऐकू येईल तो वरच्या हेडचाच असेल.